रिकाम्या जागेची विभक्ती

संपादकांनी यंदा ‘यंत्र आणि मराठी’ हा विषय दिला, तेव्हा कविता रचणाऱ्या आणि वाद घालणाऱ्या यंत्रांविषयी लिहिणारे पुष्कळ निघतील अशा समजुतीने मी त्या मानाने अगदी गौण भासणाऱ्या एका व्यवहाराची पाहणी करण्याचे ठरविले. वेबवरील कोणतेही अ‍ॅप उघडले असता ज्या मजकुरावर आपली दृष्टी क्षणभर टेकते आणि लागलीच पुढे सरकते, म्हणजे बटणावरचा एखादा शब्द, ‘बदल जतन झाले’ अशी ओझरती वर्दी, पासवर्ड चुकल्याची तक्रार, रकान्याच्या माथ्यावरचे नाव, तो सगळा मजकूर बहुधा कोणीतरी इंग्रजीत लिहिलेला असतो. आणि तो मराठीत अवतरण्यापूर्वी त्याला जी लांबलचक वाट चालावी लागते, तिचा बराच मोठा भाग आता मनुष्याच्या हातावाचून आपोआप पार पडतो. जो भाग तसा पार पडत नाही तो कोणता, आणि का पडत नाही, एवढेच मला पाहावयाचे होते.

या पाहणीला विकिपीडियाचे अंतरंग सोयीचे, कारण तेथील कारभार उघड्यावर चालतो. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३चा. ज्या मीडियाविकी नावाच्या सॉफ्टवेअरवर तो उभा आहे, त्याच्या मजकुराचे भाषांतर ट्रान्सलेटविकी या स्वतंत्र संकेतस्थळावर होते; फिनलंडमधील निक्लास लाक्सट्रोम यांनी २००५-०६च्या सुमारास सुरू केलेल्या या स्थळावर कोणत्या वाक्याचे भाषांतर कोणी केले, मागाहून कोणी बदलले, ही सारी नोंद कोणालाही वाचावयास मोकळी आहे. हे झाले हौशी लोकांचे काम. व्यवसायाची बाजू पाहण्यासाठी, पुण्यात घरी बसून याच कामावर चरितार्थ चालविणाऱ्या एका अनुभवी अनुवादिकेच्या टेबलापाशी मी काही वेळ बसलो. करारातील अटीमुळे त्यांचे आणि त्यांना काम देणाऱ्यांचे नाव येथे देता येत नाही.

वाक्यांचे दफ्तर

पूर्वी पडद्यावर उमटावयाचे वाक्य प्रोग्रॅमर आपल्या आज्ञावलीच्या पोटातच लिहून ठेवीत असे, आणि ते दुसऱ्या भाषेत हवे झाल्यास आज्ञावलीची स्वतंत्र नक्कल करून तीत फेरफार करण्यावाचून गत्यंतर नसे. या जाचातून सुटका करणारी गेटटेक्स्ट ही पद्धत १९९०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सन मायक्रोसिस्टिम्समध्ये निघाली आणि १९९५ साली ग्नू प्रकल्पाने तिची मुक्त आवृत्ती काढली. तिचे मर्म साधे आहे: प्रोग्रॅमरने प्रत्येक वाक्याभोवती एक ठरावीक खूण करावयाची (ही खूण रूढीने इतकी आखूड झाली आहे की एका अधोरेषेपलीकडे तिला नावही उरलेले नाही), आणि एका उपकरणाने सारी आज्ञावली चाळून अशी खूण केलेली वाक्ये वेगळी काढून त्यांची एक फाइल बनवावयाची, जीत वर इंग्रजी मजकूर आणि खाली भाषांतरासाठी मोकळी ओळ असते. मूळ वाक्यात पुढे किंचित बदल झाला, तर उपकरण जुने भाषांतर टाकून देत नाही. ते नव्या वाक्याखाली आणून ठेवते, परंतु त्यावर ‘फझी’ म्हणजे संदिग्ध असा शेरा मारते, आणि कोणी मनुष्य पाहून तो शेरा काढून टाकीपर्यंत वाचकाला सामान्यतः इंग्रजीच दिसत राहते. मूळ कागदाशी रुजवात घेतल्यावाचून नक्कल ग्राह्य धरावयाची नाही, हा जो आपल्या दफ्तरांचा जुना शिरस्ता, त्याहून हे निराळे नाही.

मीडियाविकीची तऱ्हा थोडी भिन्न आहे. तेथे प्रत्येक वाक्याला एक सांकेतिक नाव असते आणि प्रत्येक भाषेची एक फाइल असते. मराठीच्या फाइलीत त्या नावापुढे काही नसेल तर अखेर इंग्रजी वाक्य दाखविले जाते. म्हणून अर्धवट भाषांतरित स्थळ मोडून पडत नाही, फक्त दोन भाषांच्या ठिगळांचे दिसते.

आवक आणि जावक

स्वयंचलन म्हणून ज्याचे कौतुक व्हावे, ते माझ्या मते या पुढच्या टप्प्यात आहे, आणि त्याची वाच्यता क्वचितच होते. प्रोग्रॅमर आपला बदल सामायिक भांडारात जमा करतो. भाषांतराचे स्थळ ठराविक वेळाने ते भांडार तपासते, नवे वाक्य आढळले की ते प्रत्येक भाषेच्या यादीत चढविते, बदललेल्या वाक्यावर शेरा मारते. भाषांतर भरले गेले की एक बॉट ते गोळा करून फाइलीत लिहितो आणि स्वतःच्या नावाने भांडारात परत जमा करतो. चेक देशातील मिखाल चिहार्झ यांनी २०१२ साली सुरू केलेले वेबलेट अनेक मुक्त प्रकल्पांसाठी हेच काम करते, आणि व्यापारी सेवाही पुष्कळ आहेत. ज्या काळी या फाइली ईमेलने पाठवीत, त्या काळी भाषांतर हाती येईपर्यंत मूळ आज्ञावली दोन पावले पुढे गेलेली असे, आणि कोणती प्रत ताजी यावर पत्रव्यवहार होत असे. तो सारा बारनिशीचा कारभार आता यंत्राकडे गेला, आणि यंत्र तो बिनचूक करते.

यंत्र तपासणीही करते. वाक्यात पुढे भरावयाच्या नावासाठी मीडियाविकीत डॉलरचे चिन्ह आणि त्यापुढे आकडा अशी खूण ठेवलेली असते. भाषांतरात ती खूण गळाली, कंस उघडा राहिला, अनेकवचनाची जितकी रूपे हवीत त्याहून कमी दिली, की तांबडी सूचना झळकते. अनेकवचनाच्या नियमांची सर्व भाषांची सूची युनिकोड संघटना बाळगते: जपानीला एकच रूप पुरते, मराठीला दोन, अरबीला सहा. मराठीत ‘एक संदेश’ आणि ‘दहा संदेश’ यांत नाम तसेच राहते, बदलते ते क्रियापद: संदेश आला, संदेश आले. ‘एक फाइल निवडली, तीन फाइली निवडल्या’ यांत दोन्ही बदलतात. सूची फक्त रूपे किती ते सांगते. त्यांत काय भरावयाचे ते भरणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

मौजे, नामे, येथे, यांस

येथे राज्यव्यवहारकोशाचे स्मरण काढण्याचा मोह मराठी लेखकाला आवरत नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा तो कोश, पुढे १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश, आणि २००८ साली रेड हॅटच्या पुढाकाराने सुरू झालेल्या फ्यूएल प्रकल्पाने संगणकावरील वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी प्रत्येक भाषेच्या जाणकारांना एकत्र बसवून ठरविलेली यादी, अशी एक प्रशस्त परंपरा दाखविता येईल. परंतु अनुवादिकेच्या टेबलापाशी बसल्यावर ध्यानात येते ते असे की शब्द अडविणारा नसतो. शब्द आज ना उद्या सापडतो, नाही तर इंग्रजीच ठेवून भागते. अडविणारी गोष्ट आहे रिकामी जागा.

मराठीत नाम विभक्तीचा प्रत्यय घेण्यापूर्वी पुष्कळदा आपले रूप पालटते. नाशिकला जाणारा मनुष्य नाशिक या शब्दाला धक्का न लावता जातो. पण पुणे, सातारा, गोवा यांची पुण्याला, साताऱ्याला, गोव्याला अशी रूपे झाल्यावाचून तेथे पोहोचता येत नाही. आज्ञावलीतील वाक्यात गावाच्या जागी नुसती खूण असते, आणि तेथे कोणते गाव येऊन बसेल हे वाक्य लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. खुणेला ‘ला’ चिकटविला तर नाशिकचे निभावते, पुण्याचे ‘पुणेला’ होते. गावाच्या जागी मनुष्य आला, तर ‘ला’ की ‘ना’ हा प्रश्न वेगळाच. आणि त्या मनुष्याने आपले सदस्यनाव रोमन लिपीत घेतलेले असले, तर परक्या लिपीच्या शेपटाला देवनागरी प्रत्यय लोंबकळताना दिसतो. पंधरा विभक्ती असलेल्या फिनिश भाषेलाही हीच अडचण, आणि तिच्यासारख्या भाषांसाठी मीडियाविकीत व्याकरणाचे एक खास साधन आहे, जे दिलेल्या नावाचे रूप नियमाने फिरविते. विकिपीडियासारख्या ठरलेल्या नावांना ते उपयोगी पडते, पण सदस्य उद्या कोणते नाव धारण करील त्याचा नियम कोण लिहिणार?

बाईंची रीत मी निरखीत होतो. वाक्यात खूण आली की त्या तिला प्रत्यय लावीतच नाहीत. गाव असेल तर पुढे ‘येथे’, ‘येथील’. मनुष्य असेल तर ‘यांना’, ‘यांनी’, ‘यांचे’. आणि काय येईल ते सांगता येत नसेल तर खुणेच्या पुढे किंवा मागे जातिवाचक नाम बसवून ‘या पानावर’, ‘या फाइलीत’. ही रीत कोठे शिकलात असे विचारता त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आमचे वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. ते घरी आणीत त्या कागदांत सगळे असेच असायचे.”

हे उत्तर मला फार मोलाचे वाटले. छापील नमुने रचणाऱ्या जुन्या कारकुनांपुढे नेमकी हीच समस्या होती: समन्स, पंचनामा, मुखत्यारपत्र यांचा मसुदा एकदाच तयार व्हावयाचा आणि गावाचे व इसमाचे नाव मागाहून कोणीतरी बोरूने किंवा टाकाने भरावयाचे. म्हणून ‘मौजे अमुक येथील’, ‘इसम नामे अमुक यास’, ‘श्री. अमुक यांस’ अशी वाक्यरचना कचेऱ्यांत रुळली, जीत नाव प्रथमेत अभंग राहते आणि विभक्तीचा भार शेजारी बसविलेले सर्वनाम किंवा अव्यय उचलते. या भाषेची आपण कितीतरी वर्षे टिंगल करीत आलो. तीतील ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ यांची मला स्वतःला आजही चीड आहे. परंतु रिकामी जागा सोसू शकेल असे मराठी वाक्य घडविण्याचा अनुभव आपल्याकडे साहित्यिकांच्या गाठी फारसा नाही, तो कचेरीच्या गाठी आहे, आणि वेबवरील मजकूर ललित लेखनाचा वारस नसून या नमुन्यांचा वारस आहे, हे मान्य करावयास हवे.

लिंगाच्या बाबतीतही हाच वारसा उपयोगी पडतो. ‘अमुक चर्चेत सामील झाला’ की ‘झाली’? आदराने ‘झाले’ म्हणावे, तर स्त्रीसाठी ‘झाल्या’ हवे, म्हणजे आदरानेही सुटका नाही. मीडियाविकीत सदस्याने आपले लिंग नोंदविले असेल तर त्याप्रमाणे रूप निवडणारे साधन आहे. पण ते नोंदविणे ऐच्छिक, आणि न नोंदविणाऱ्यासाठी एक तिसरे, कोणालाही लागू पडेल असे रूप अनुवादकालाच शोधावे लागते. बाई सरळ क्रियापदच बदलतात: ‘अमुक यांनी चर्चेत सहभाग घेतला’. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्त्याकडे पाहत नाही, कर्माकडे पाहते, आणि ‘सहभाग’ हे कर्म त्यांच्या हातचे असल्यामुळे कर्ता कोणीही येवो, वाक्य ढळत नाही. एवढे व्याकरण एका क्षुल्लक वर्दीसाठी खर्ची पडते आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

यंत्राचा मसुदा

यांत्रिक भाषांतराचे आपल्याकडील प्रयत्न जुने आहेत. कानपूरच्या आयआयटीत १९९१च्या सुमारास अँग्लाभारती सुरू झाली. पुण्याच्या सी-डॅकने मंत्र नावाची प्रणाली केली, जी राज्यसभेच्या कामकाजाचे कागद इंग्रजीतून हिंदीत आणण्यासाठी वापरली गेली. या प्रणाली व्याकरणाचे नियम लिहून चालत, आणि कचेरीच्या ठरीव वाक्यांवर त्यांची भिस्त असे. गूगलच्या भाषांतरसेवेत मराठी २०१३ साली आली, आणि २०१७ साली तिला न्यूरल पद्धत लागू झाली, जीत नियम कोणी लिहीत नाही. जोडीजोडीने ठेवलेल्या लाखो वाक्यांवरून यंत्र आपले आपण अंदाज बांधावयास शिकते. मद्रासच्या आयआयटीतील एआय-फॉर-भारत या गटाने २०२३ साली बावीस भारतीय भाषांसाठी इंडिकट्रान्स-२ हे मुक्त प्रारूप दिले. अशा प्रारूपांना जी मराठी पाजली गेली, तीत सरकारी प्रसिद्धिपत्रके आणि वृत्तपत्री मजकूर यांचा वाटा मोठा आहे, म्हणून पूर्ण, ऐसपैस वाक्य दिले की ती आता बहुधा चांगले भाषांतर करतात.

बटणावर मात्र ऐसपैस वाक्य नसते. तेथे ‘ऑर्डर’ एवढाच शब्द असतो, आणि तो हुकूम आहे, अनुक्रम आहे की दुकानातील मागणी, हे त्या शब्दाकडे कितीही टक लावून पाहिले तरी कळण्याजोगे नसते. ‘ओपन’ ही आज्ञा असेल तर ‘उघडा’, तक्रारीची स्थिती असेल तर ‘प्रलंबित’. प्रत्येक वाक्य सुटे सुटे यंत्राकडे गेल्यामुळे एका बटणावर ‘करा’, शेजारच्यावर ‘करणे’, एकीकडे ‘तुमचे’ आणि दुसरीकडे ‘आपले’ असा बेबनाव होतो. काही यंत्रे तर खुणेच्या आत लिहिलेल्या नावाचेच भाषांतर करून बसतात, आणि आज्ञावलीला ‘नाव’ म्हणजे कोण ते न कळल्यामुळे रकाना कोरा राहतो. याला उपाय म्हणून खुणा आधी झाकून ठेवावयाच्या आणि भाषांतरानंतर पुन्हा उघडावयाच्या, अशी तजवीज करावी लागते.

याहूनही स्वस्त मार्ग म्हणजे काहीच न करता वाचकाच्या ब्राउझरलाच पानाचे भाषांतर करू देणे. तो मार्ग बातम्या वाचावयास पुरेसा असेल; अ‍ॅपमध्ये मात्र ब्राउझर पानाच्या रचनेत आपली वेष्टने घुसडतो, आणि रिअ‍ॅक्टसारख्या पद्धतीने बांधलेली पाने आपलाच मजकूर जागेवर नाही असे पाहून कधी कधी कोलमडतात. मनुष्यांच्या नावांचीही मग भाषांतरे होतात. यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

अधिक विचारपूर्वक चाललेला प्रयोग मोझिलाचा. फायरफॉक्सच्या भाषांतरासाठी असलेल्या पाँटून या व्यवस्थेत २०२३पासून पूर्वभाषांतराची सोय आली: एखादे वाक्य पूर्वी जसेच्या तसे भाषांतरित झालेले असेल तर तेच उचलावयाचे, नाही तर यंत्राकडून करून घ्यावयाचे, आणि ते कोणी तपासण्यापूर्वीच उत्पादनात जाऊ द्यावयाचे, मात्र ‘तपासणी बाकी’ अशा नोंदीसह; ही सोय कोणत्या भाषेला द्यावयाची ते त्या भाषेच्या अनुवादकांशी बोलून ठरते. गेटटेक्स्टचा जुना शिरस्ता येथे उलटा झाला हे ध्यानात घ्यावे. तेथे मनुष्याने पाहीपर्यंत नक्कल रोखून धरीत. येथे नक्कल आधी जारी होते आणि रुजवात मागाहून. ज्या भाषेत तपासणारे पुष्कळ आहेत तिला हा सौदा फायद्याचा आहे. जिच्यात तपासणारे हातांच्या बोटांवर मोजण्याइतके, तिच्यात न तपासलेल्या वाक्यांचा ढीग वाढतो, आणि पुढे तोच ढीग जुने भाषांतर म्हणून पुन्हा उचलला जाण्याचा धोका असतो.

व्यावसायिक अनुवादकांवर याचा परिणाम पैशात झाला आहे. यंत्राचा मसुदा सुधारण्याचा दर स्वतंत्र भाषांतराच्या दराहून कमी धरतात, या समजुतीने की मसुदा असल्यावर काम हलके होते. बाईंचे म्हणणे असे की लांब वाक्यांत ते खरोखर हलके होते, आणि एकेका शब्दाच्या यादीत दुप्पट होते, कारण मसुदा चूक आहे की बरोबर हे ठरविण्यासाठी शब्द कोठे वापरला आहे ते आधी हुडकावे लागते, आणि त्या हुडकण्याचा दर कोणत्याही तक्त्यात नाही.

कोणाचीच नसलेली भाषा

ट्रान्सलेटविकीवर भाषांच्या यादीत एक भाषा आहे, तिचा संकेत क्यू-क्यू-क्यू. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत काही अक्षरजुळण्या खासगी वापरासाठी राखून ठेवल्या आहेत, त्यांतील ही एक. ती बोलणारा कोणी नाही. प्रत्येक वाक्याचे या ‘भाषेतील’ रूप म्हणजे त्या वाक्याविषयीची टीप: हा शब्द बटणावर आहे की शीर्षकात, क्रियापद आहे की नाम, डॉलरचिन्हापुढील एक म्हणजे सदस्याचे नाव आणि दोन म्हणजे पानांची संख्या, हे वाक्य दुसऱ्या कोणत्या वाक्याला जोडून दिसते. प्रोग्रॅमरने नवे वाक्य जोडताना ही टीप लिहिलीच पाहिजे असा तेथील दंडक आहे, आणि टीप नसलेला बदल परत पाठविला जातो. मला या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत शहाणपणाचा भाग हाच वाटला.

विशेष हे की या टिपा मनुष्यांनी मनुष्यांसाठी लिहिल्या, आणि आज मोठ्या भाषा-प्रारूपांना त्याच सर्वाधिक उपयोगी पडतात. नुसता शब्द न देता सोबत टीप, शेजारची वाक्ये आणि ठरलेल्या परिभाषेची यादी दिली, की ‘ऑर्डर’ची मागणी होते आणि ‘करा’-‘करणे’ यांचा बेबनाव बराच मिटतो. बाईंनी एकच यादी टिपांवाचून आणि टिपांसह यंत्राकडून करवून मला दाखविली, तेव्हा दुसऱ्या यादीत हात घालण्याजोग्या जागा स्पष्टच कमी होत्या. व्यापारी कामात अशा टिपा दुर्मिळ. प्रोग्रॅमरला आपले वाक्य स्वयंस्पष्ट वाटते, आणि घाई तर सर्वांनाच असते.

जागेचा प्रश्नही टिपेतच सुटावयाचा. दहा अक्षरांपर्यंतच्या इंग्रजी मजकुराला भाषांतरात दुप्पट ते तिप्पट जागा लागू शकते, असा आयबीएमचा जुना आडाखा आहे. देवनागरीत रुंदीइतकीच उंचीही लागते: वरची मात्रा आणि खालचा उकार इंग्रजीसाठी आखलेल्या ओळीत छाटले जातात. आणि ‘स्त्री’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसत असले तरी युनिकोडमध्ये ते सहा संकेतांचे बनते, त्यामुळे ‘वीस अक्षरांनंतर कापा’ असे सांगणारी आज्ञावली मराठी शब्दाला मधोमध, कधी हलन्तावरच, तोडून मोकळी होते.

मी टेबलापाशी असताना बाईंनी एका वाक्यावर प्रश्न टाकला होता. दोन रिकाम्या जागा असलेले ते वाक्य: अमुक गोष्ट तमुक ठिकाणी हलविली. पहिल्या जागेत काय काय येऊ शकते? काही दिवसांनी त्यांनी मला उत्तर कळविले. तेथे फाइल, चित्र किंवा अल्बम यांपैकी काहीही येणार होते, म्हणजे मराठीत हलविली, हलविले आणि हलविला अशी तिन्ही लिंगे, आणि एकाच वाक्यात ती बसविणे कोणत्याही कारकुनाला साधले नसते. त्यांनी त्या वाक्याची तीन वाक्ये करण्याची विनंती केली. रशियन अनुवादकाचीही तीच तक्रार आलेली असल्यामुळे ती मान्य झाली, आणि पुढच्या खेपेस तीन पूर्ण वाक्ये यंत्राच्या मसुद्यासह त्यांच्या यादीत चढली. फाइलीचे आणि चित्राचे वाक्य यंत्राने बरोबर केले होते. अल्बमच्या वाक्यात ‘हलविले’ होते, ते त्यांनी ‘हलविला’ केले, आणि तिन्ही वाक्यांत ठिकाणाच्या नावापुढचा ‘मध्ये’ काढून ‘येथे’ घातले.